दोन्ही नावं एकाच बाईची

आधी एक कबूल करून टाकते. नोंग गार्योच्या लग्नाच्या वाढदिवसाचं पान्सित मीसुद्धा खाल्लंय. एकदा नाही, चांगली पंधरा-सोळा वर्षं. दर एकोणीस मेला नांग बियांगच्या अंगणात ती मोठी कढई चढायची. लांबच लांब शेवया, कोंबडी, वर उकडलेली अंडी. शेवई तोडायची नाही, आयुष्य लांबतं म्हणून आम्ही सगळे माना वर करून ती सुर्रकन ओढायचो आणि नवराबायकोला आशीर्वाद द्यायचो. आता कुणी पान्सित पुढे केलं तरी मी ताट सारते.

मी आमच्या नगरपालिकेसमोर रानबदामाच्या झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसते. तीस वर्षं झाली. आमच्या बोहोल बेटावर निम्मी घरं परदेशी गेलेल्या पोरांच्या जिवावर उभी आहेत. परदेश म्हटला की कागद आला आणि कागद आला की घोळ आलाच. कुणाची आई जन्मदाखल्यावर पुरुष आहे, कुणी दोन गावांत दोनदा जन्मलंय, कुणी धाकट्या भावानंतर दोन महिन्यांनी. सगळे माझ्याकडे येतात आणि मी टाइप करते, ‘मी शपथेवर सांगतो की…’ सगळ्यात जास्त खपतं ते ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत’ असं सांगणारं अ‍ॅफिडेव्हिट. अर्ध्या तासात तयार, समोर नोटरी बसलेलाच असतो. तो वाचतही नाही मेला, जेवता जेवता शिक्का मारतो.

आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला नांग म्हणतात, पुरुषाला नोंग. नांग बियांग, म्हणजे बेबियाना तुमुलाक, बाजारात पहाटे चारपासून बुडबुड विकायची. नारळाच्या दुधातला चिकट भात केळीच्या पानात गुंडाळून उकडायचा, सोबत दाट गरम सिक्वाते, आमचं कोकोचं पेय. तिच्या हातचं सिक्वाते प्यायल्याशिवाय आमच्या बाजारातले कोळी तोंड उघडत नाहीत. वय अडुसष्ट, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. एकुलती एक मुलगी, मेर्जेलिन. ती तेरा वर्षांपूर्वी कॅनडात विनिपेगला गेली, म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करते. परक्यांच्या आयांना आंघोळी घालते आणि स्वतःची आई इथे पाटावर बसून केळीची पानं पुसते. नातू पाच वर्षांचा झाला, तो आजीला ओळखतो फोनच्या काचेतून. “इंदाय,” नांग मला लाडाने म्हणायची, “एकदा त्याला माझ्या हातानं भरवू दे, मग देवाने न्यावं.”

आईबापांना कायमचं नेण्यासाठी तिथे सोडत निघते. मेर्जेलिनने चार वर्षं नाव घातलं, चौथ्या वर्षी लागलं. आता साठ दिवसांत सगळे कागद धाडायचे, नाहीतर नंबर गेला. त्या दिवशी नांगने सगळं बुडबुड फुकट वाटलं.

नोंग गार्यो म्हणजे लिओदेगार्यो, तिचा नवरा. असं आम्ही सगळे समजत होतो. बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, आता बसून असतो आणि एक झुंजीचा कोंबडा पाळलाय त्याला बायकोपेक्षा जास्त गोंजारतो. पण गावात मान केवढा! आमच्या कापिल्याचा, म्हणजे वाडीतल्या छोट्या चर्चचा, अध्यक्ष. उत्सवात संताच्या मूर्तीला पुढून खांदा याचा. लग्न ठरलेल्या पोरापोरींना फादर सहा रविवार शिकवणीला बसवतात, त्यातला ‘विवाहाचं पावित्र्य’ हा तास यानेच घ्यायचा. माझ्या भाचीने तो तास केलाय. “नवराबायको म्हणजे एक देह,” असं म्हणताना त्याचे डोळे भरून येतात म्हणे. शी!

तर झालं असं. कागदांत आईबापांच्या लग्नाचा दाखला लागतो. मेर्जेलिन शहाणी, तिने तिथूनच सरकारी खात्याकडे मागवला. बापाचं नाव, लग्नाची तारीख, गाव हे सगळं तिच्या जन्मदाखल्यावर होतंच, एकोणीस मे एकोणीसशे सत्याहत्तर, पलीकडच्या लेते बेटावरचं हिलोंगोस. ते तसंच भरलं. आणि दाखला आला.

नांग फोन घेऊन माझ्या टेबलाशी आली. मेर्जेलिन व्हिडिओवर होती, डोक्याला टोपी, मागे बर्फ.

“तिया फेलिसा, बघा ना काय गाढवपणा केलाय त्यांनी! बाबांचं नाव बरोबर, तारीख बरोबर, गाव बरोबर. आणि आईच्या जागी कुणी त्रिनिदाद ओलाइव्हार! वय वीस, धंदा शिवणकाम. आता हे दुरुस्त कसं करायचं? माझ्या दाखल्यावर आई बेबियाना आणि इथे त्रिनिदाद. हे लोक फाइल परत करतील हो.”

“एवढंच ना?” मी म्हणाले. मला काय, मी उंटावरची शहाणी. “अगं, हे माझं रोजचं काम. दोन्ही नावं एकाच बाईची असं लिहून देते, तासाभरात हातात.” आणि मी कागद चढवून बडवायला लागलेसुद्धा. ‘मी, बेबियाना तुमुलाक, मलाच त्रिनिदाद ओलाइव्हार या नावानेही…’

“तुझं काम कर जा, उशीर होईल,” असं पोरीला सांगून नांगने फोन बंद केला. मग तिने माझ्या मशीनवर हात ठेवला. चटके खाऊन खाऊन काळी पडलेली बोटं.

“थांब इंदाय. कारकुनाची चूक नाही ती.”

“म्हणजे?”

“माझं लग्नच झालेलं नाही.”

एक कुत्रं माझ्या पायाशी येऊन बसलं, त्याला हाकलायचंही मला सुचेना.

मग तिने सांगितलं. गार्यो इंजिन दुरुस्तीला म्हणून या गावात आला तेव्हा ही बावीस वर्षांची. तो राहिला, ही त्याच्या घरी गेली. लग्न करू, पुढच्या वर्षी करू. पुढच्या वर्षी डुकरीण व्यायची होती, त्याच्या पुढच्या वर्षी वादळाने छप्पर नेलं. पोर झाली. नोंदवायला दोघं नगरपालिकेत गेली. कारकुनाने विचारलं, आईबापांचं लग्न कधी, कुठे? बियांगची मान खाली गेली. आणि गार्योने धाडकन सांगितलं, एकोणीस मे, सत्याहत्तर, हिलोंगोस. अडखळला नाही, डोकंसुद्धा खाजवलं नाही.

“मला वाटलं, काय हुशार माणूस आहे! क्षणात तारीख बनवली आणि माझी अब्रू झाकली. घरी येऊन मी त्याच्यासाठी कोंबडी कापली.” ती हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. “मग पोर शाळेत जायला लागली. म्हणाली, सगळ्यांच्या आईबाबांच्या लग्नाचा वाढदिवस असतो, आपला कधी? मी दाखला काढून तारीख बघितली आणि पान्सित केलं. तेव्हापासून पस्तीस वर्षं. दुसऱ्या बाईच्या लग्नाचं जेवण मी घातलं गं गावाला. हौसेनं घातलं.”

त्या माणसाने पस्तीस वर्षं पहिलं ताट स्वतःकडे ओढून ते खाल्लं होतं. जगात इतक्या तारखा पडल्यात, एक खोटी तारीखसुद्धा या माणसाला स्वतःच्या डोक्यातून काढता आली नाही. खरीच वापरली, उष्टी.

मी तिच्यासोबत घरी गेले. एकटी सोडवेना, आणि खरं सांगते, त्या माणसाचं तोंड बघायचं होतं मला. तो अंगणात कोंबड्याच्या पायाला तेल चोळत बसला होता. नांगने फोनमधला दाखला त्याच्या नाकासमोर धरला.

त्याने बघितलं. कोंबडा खाली ठेवला नाही. “हं. हे कुठून आलं?”

“पोरीने मागवलं.”

“तिला कुणी सांगितला होता नसता उपद्व्याप?”

ऐका! चोराच्या उलट्या बोंबा. मी म्हणाले, “नोंग, ही बाई कोण ते तरी सांगा.”

“तरुणपणातली गोष्ट आहे ती. तुला काय करायचंय फेलिसा? तू तुझं टाइपिंग बघ.” मग जरा मऊ होऊन बियांगकडे वळला. “हे बघ, इतकं काही झालेलं नाही. फेलिसा ते करतेच की, दोन नावं एकीची म्हणून. तूच त्रिनिदाद म्हणून सही कर. कॅनडावाल्यांना काय कळतंय? कागद जुळले की झालं. पोरीचं भलं बघ.”

“आणि कापिल्याचं काय?” मी विचारलं. “तिथे काय सांगणार?”

“तिथे काही सांगायचंच नाही! अब्रू एकट्या माझी आहे का? बियांगचीपण जाईल. पोरगी बिनलग्नाच्या आईची ठरेल.” आणि परत तेल चोळायला लागला. करून सवरून नामानिराळा. मला त्याच्या पायरीवर थुंकावंसं वाटलं. मी थुंकलेही, पण बाहेर रस्त्यावर येऊन.

संध्याकाळी मेर्जेलिनचा फोन. बापाने तिला आधीच गाठून रडून घेतलं होतं. आणि पोरगी काय म्हणाली? “आई, सही करून टाक. इथे कितीतरी जणांनी असंच केलंय. पंचेचाळीस दिवस उरलेत. मी चार वर्षं थांबले गं, आता एका नावासाठी नको अडू.” तिला दोष देत नाही मी. पण किळस आली. बाप खोटा, पोरगी घाईत, आणि खोट्याचं यंत्र माझ्याच टेबलावर.

दोन दिवस नांग बाजारात बसली नाही. तिसऱ्या दिवशी आली, अंगावर चर्चला जायचा झगा. “तो कागद पुरा कर इंदाय. आणि माझ्यासोबत चल. सही करायच्या आधी बघून तरी येते, मी कोण होणार आहे ते.”

हिलोंगोसच्या बोटीला तीन तास लागले. दाखल्यावर वाडीचं नाव होतं, तिथे पहिल्याच दुकानात विचारलं तर लगेच बोट दाखवलं. पत्र्याचं घर, ओसरीत पायांचं शिलाई मशीन, भोवती शाळेच्या गणवेशांचे ढीग. जाड चष्म्याची एक हडकुळी बाई मान न वळवता म्हणाली, “माप आणलंय का? की पोरालाच आणलंय?”

“आम्ही बोहोलहून आलोय,” नांग म्हणाली. “गार्योच्या घरून.”

मशीन थांबलं. “मेला का?”

“नाही.”

“मग कशाला आलात?”

मला अशा वेळी हसू आलं, देवा क्षमा कर. त्या त्रिनिदादनेही, तिथे तिला नांग त्रिनिंग म्हणतात, दात दाखवले, मोजून चार. मग बसायला बाक दिला. तिचा मुलगा आठ महिन्यांचा असताना गार्यो तीन दिवसांच्या कामाला म्हणून गेला. चौथ्या दिवशी ती धक्क्यावर उभी राहिली. पाचव्या दिवशीही. मग कुणीतरी सांगितलं की तो तिकडेच नांदतोय.

“तुम्ही आला का नाहीत?” मी विचारलं. “तीन तासांचा तर समुद्र.”

“आले होते एकदा. लोकांनी कापिल्याकडे धाडलं. बाहेर उभी राहिले. हा आत पोरापोरींना सांगत होता, नवराबायको म्हणजे एक देह. मला तिथेच ओकारी आली बाई. खिडकीखाली ओकले, तोंड पुसलं आणि परतीची बोट धरली. एकदा ओकलेलं परत बघायची माझी इच्छा नव्हती.” आमच्या इथे घटस्फोट नाही, दुसरं लग्न करता येत नाही. तिने केलं नाही. गणवेश शिवले.

नांगने पिशवीतून कागद काढला. “नांग, मला तुमचं नाव पाहिजे. पोरीकडे जायचंय. नातू आहे. तुमचं काही जाणार नाही, फक्त कागदावर.”

त्रिनिंगने कागद उजेडाकडे धरला आणि अक्षर अक्षर लावत वाचला. मी टाइप केलेलं कुणी इतकं लक्ष देऊन वाचलेलं मी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

“म्हणजे मी तुम्हीच.”

“हो.”

“बरं. तो माणूस तुम्ही घ्या, त्याची तारीख घ्या. माझी काही तक्रार नाही, उलट उपकार. पण माझ्या रोनिलोच्या दाखल्यावर आईच्या नावापुढे हेच नाव आहे. मी तुम्ही झाले, तर तो कुणाचा?”

तेवढ्यात तो रोनिलोच जेवायला आला, बर्फाच्या कारखान्यातून, शर्ट ओला. सत्तेचाळीसचा बाप्या. कपाळ थेट मेर्जेलिनचं. पाहुणे कोण हे न विचारता त्याने आमच्यासाठी दोन शहाळी फोडली आणि आईच्या चष्म्यावरचे दोरे हाताने काढले. नांग बियांगने शहाळं न पिताच खाली ठेवलं. तिने त्रिनिंगच्या हातातून कागद परत घेतला.

“इंदाय, हा नको,” मला म्हणाली. “दुसरा लिही. खरा.”

त्या ओसरीत बसून मी हाताने लिहिला. बेबियाना तुमुलाक हिचं कुणाशीही कधी लग्न झालेलं नाही. मेर्जेलिन ही तिच्या पोटची मुलगी. दाखल्यावरची लग्नाची तारीख बापाने सांगितली, ती त्याच्या दुसऱ्या एका लग्नाची आहे. खाली साक्षीदार त्रिनिदाद ओलाइव्हार, आणि नात्याच्या जागी तिने स्वतः लिहिलं, ‘त्याची बायको’. लिहून झाल्यावर म्हणाली, “शेहेचाळीस वर्षांत हे पहिल्यांदा लिहायला मिळालं. खाली बरीच जागा उरलीय, अजून काही लिहू का त्याच्याबद्दल?” मी म्हणाले, नांग, सरकारी कागद आहे, शिव्या चालत नाहीत. तिथल्या नोटरीने सह्या करण्याआधी कागद वाचला. दोनदा वाचला आणि आमच्याकडे बघत बसला.

त्याच रात्री नांग आपली गाठोडी घेऊन माझ्या मागच्या खोलीत राहायला आली. फाइलमध्ये एकटी म्हणून नाव जाणार, तर एकटीच राहायला पाहिजे, असं तिचं म्हणणं. मेर्जेलिनशी बोलताना मी शेजारीच होते. पोरगी रडत होती. “आई, म्हणजे मी कोण? आख्ख्या गावात सांगणार तू, की मी बिनलग्नाच्या आईची?”

“होय, बिनलग्नाच्या आईची आहेस,” नांग म्हणाली. “तुझा दाखला काढ आणि बघ. आईच्या नावापुढे माझं नाव आहे, ते खरं आहे. तेवढ्यावर न्यायचं असेल तर ने मला. नाहीतर मी इथे बुडबुड विकते.”

मेर्जेलिनने नाक पुसलं. मग म्हणाली, “कागदाचा फोटो नीट काढून पाठव. सावली पडलीय त्यावर.” मुदतीला नऊ दिवस राहिले होते तेव्हा फाइल गेली.

नोंग गार्यो आठवड्याने आला, इस्त्रीचा शर्ट घालून. दारातच म्हणाला, “झालं गेलं विसर. मीपण सही करतो, माझीपण फाइल घाल. पोरगी माझीपण आहे ना? आणि इथे एकटा मी खाणार काय?”

“तुझी बायको हिलोंगोसला आहे,” नांग म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला अरे-तुरे केलं. “ती स्वयंपाक करते की नाही मला माहीत नाही. मी विचारलं नाही.” आणि ती पानं पुसत राहिली.

गाव कसलं तर बघा. कापिल्यातल्या बायका आळीपाळीने त्याला डबा पोचवतात. बिचारा, म्हातारपणी बायको सोडून गेली! तास अजून तोच घेतो. माझ्याकडे मात्र बोट दाखवतात, हिने घर फोडलं म्हणून. फोडलं तर फोडलं.

दोन वर्षांनी मनिलाहून वैद्यकीय तपासणीचं बोलावणं आलं. ती शेवटची पायरी. मीच सोबत गेले, तिला आता काठी लागते. ती मोठी खोली, शंभर माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर फाइल. खिडकीतल्या विशीतल्या पोरीने पुकारलं, “मिसेस बेबियाना तुमुलाक!”

नांग हलली नाही. पुन्हा पुकारलं. मी कोपर मारलं, “नांग, तुम्हालाच बोलावतायत.”

“मला नाही.”

तिसऱ्यांदा पुकारून ती पोरगी पुढचा नंबर घ्यायला लागली. माझा तर जीव वर आला. एवढं सगळं करून बाई इथे नंबर घालवणार! तेव्हा नांग काठी टेकत उठली, आख्खी खोली ओलांडून खिडकीशी गेली आणि काठीनेच फाइलवर टकटक केलं. “मिसेस नाही, बाळ. मिस. कागद नीट वाचत जा.”

मागे रांगेतले दोन-चार जण खो खो हसले. एक टोपीवाला म्हणाला, “आजीबाईंसाठी स्थळ बघायचं का?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, मी त्याच्याकडे वळलेच होते. पण त्या पोरीने फाइल उघडली, वाचली आणि माइक जवळ ओढून पुन्हा पुकारलं, “मिस बेबियाना तुमुलाक.”

“हजर,” नांग म्हणाली, आणि आत गेली.